लॅपटॉपसाठी ७ मिलिमीटरची बारीक हार्ड डिस्क: डेटा चढवण्याआधी ती कशी तपासावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क अडखळायला लागली आहे. तिच्या जागी एक टेराबाइटची, ७ मिलिमीटर जाडीची, ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेरे घेणारी) नवी डिस्क आणली. स्पीड टेस्टमध्ये वाचनाचा आणि लेखनाचा वेग सेकंदाला १३० एमबीच्या आसपास आला. आता हिच्यावर विसंबून सगळा डेटा चढवावा, की आधी आणखी काही तपासावं?

आणखी तपासावं, आणि त्यासाठी दोन दिवस मोकळे ठेवावेत. तुम्हाला मिळालेला आकडा खोटा नाही. पण डिस्क पूर्ण रिकामी असताना, प्लॅटरच्या, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या तबकडीच्या, अगदी बाहेरच्या कडेला, एक जीबीच्या टेस्ट फाइलवर घेतलेला तो आकडा आहे. अशा वेळी जवळजवळ प्रत्येक डिस्क चांगलीच वाटते. बारीक डिस्कचा खरा स्वभाव ती बऱ्यापैकी भरल्यावर कळतो, आणि रोजच्या वापरात ती भरेपर्यंत परत करायची मुदत उलटून गेलेली असते. म्हणून नवी डिस्क हातात आली की मी ती आधी मुद्दाम भरतो आणि मग मोजतो. खालचं सगळं त्या एका सवयीभोवतीच फिरतं.

जाडीपासून सुरुवात करू, कारण पुढचं बरंचसं तिच्यातूनच निघतं. अडीच इंची डिस्कची लांबी-रुंदी ठरलेली असते, साधारण १०० बाय ७० मिलिमीटर. बदलते ती जाडी. लॅपटॉपमध्ये अनेक वर्षं ९.५ मिलिमीटरचं माप चाललं. २००९ च्या डिसेंबरमध्ये सीगेटनं मोमेंटस थिन ही ७ मिलिमीटरची डिस्क जाहीर केली, पाठोपाठ हिताचीची ट्रॅव्हलस्टार झेड मालिका आली, आणि पातळ लॅपटॉपचं युग सुरू झाल्यावर ७ मिलिमीटर हेच माप रुळलं. २०१३ मध्ये ५ मिलिमीटरच्या डिस्कही निघाल्या, पण त्यांतल्या काहींचा कनेक्टरच वेगळा आहे, डिस्क जोडायच्या नेहमीच्या साटा सॉकेटमध्ये तो बसत नाही. त्यामुळे कुणी ५ मिलिमीटरची देऊ केली तर आधी कनेक्टर बघा.

अडीच मिलिमीटर कमी झाले म्हणजे आतल्या प्लॅटरची जागा कमी झाली. ९.५ मध्ये दोन प्लॅटर आरामात मावतात. ७ मध्ये बहुतेकदा एकच असतो, दोन टेराबाइटच्या डिस्कमध्ये दोन कोंबलेले असतात. एका प्लॅटरच्या दोन बाजूंवर एक टेराबाइट बसवायचा, तर ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायच्या गोल रेषा, फार जवळजवळ आखावे लागतात. इथेच एसएमआर नावाची पद्धत येते. तुमच्या डिस्कबद्दल सर्वांत आधी हेच शोधून काढा, वेगबिग सगळं नंतर.

एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात, कौलारू छपरावर कौलं बसवतात तसे. प्लॅटरवरून वाचणारं हेड, म्हणजे बारीक टोक, अरुंद असल्यामुळे त्याला उघडी राहिलेली पट्टी पुरते. लिहिणारं हेड मात्र रुंद असतं. मधला एक ट्रॅक बदलायचा म्हटलं की शेजारचा पुसला जातो, म्हणून तो उचलून परत लिहावा लागतो, मग त्याच्या शेजारचा, असं त्या पट्ट्याच्या टोकापर्यंत. हा खटाटोप लपवण्यासाठी डिस्क थोडी जागा राखून ठेवते. नवीन आलेलं सगळं आधी तिथे घाईघाईनं उतरवून घेते आणि मोकळा वेळ मिळाला की मूळ जागी नीट लावते. राखीव जागा रिकामी असेपर्यंत तुम्हाला काही जाणवत नाही. ती भरली की शंभरावर चालणारा लेखनाचा वेग वीस-तीसवर येतो, कधी एक आकडी होतो, आणि लॅपटॉप गोठल्यासारखा वाटतो. डिस्क खराब झालेली नसते. तिच्यावर तिच्या रचनेला न झेपणारं काम पडलेलं असतं.

२०२० मध्ये या पद्धतीचा उल्लेख माहितीपत्रकात का नाही, यावरून बराच गदारोळ झाला, तेव्हा कंपन्यांनी मॉडेलवार याद्या जाहीर केल्या. ७ मिलिमीटरच्या एक टेराबाइटमध्ये सर्रास दिसणारी मॉडेलं म्हणजे सीगेट बाराकुडाची एसटी१०००एलएम०४८, वेस्टर्न डिजिटल ब्लूची डब्ल्यूडी१०एसपीझेडएक्स आणि तोशिबाची एमक्यू०४एबीएफ१००. तिन्ही एसएमआर आहेत. वेस्टर्न डिजिटल ब्लॅकची एक टेराबाइटची ७२०० आरपीएमची डब्ल्यूडी१०एसपीएसएक्ससुद्धा त्याच यादीत आहे, म्हणजे जास्त आरपीएम घेतलं की यातून सुटका होते असं नाही. आधीच्या पिढीतल्या ५०० जीबीच्या बारीक डिस्क, उदाहरणार्थ तोशिबाची एमक्यू०१एबीएफ०५०, जुन्या सरळ पद्धतीच्या, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवणाऱ्या, आहेत. मॉडेल यादीत सापडत नसेल तर दोन खुणा बघा. ५४०० आरपीएमच्या अडीच इंची डिस्कवर १२८ एमबी कॅश (डेटा क्षणभर ठेवायची मेमरी) लिहिलेली असेल तर ती बहुधा एसएमआर असते, जुन्या सरळ डिस्कना ८ किंवा १६ एमबी कॅश असायची. दुसरी खूण क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसते: हार्ड डिस्क असूनही वैशिष्ट्यांच्या ओळीत 'ट्रिम' (कुठली जागा रिकामी झाली हे डिस्कला कळवण्याची सोय) असं दिसलं तर ती एसएमआरच समजा. सरळ डिस्कला ट्रिमचा काहीच उपयोग नसतो.

इथे घाईनं निष्कर्ष काढू नका. एसएमआर म्हणजे टाकाऊ नव्हे. फोटो, व्हिडिओ, जुनी प्रोजेक्टं असं एकदा टाकून वारंवार वाचायचं असेल तर ती वर्षानुवर्षं विनातक्रार चालते. पण त्याच डिस्कवर विंडोज चढवलं, अपडेट आलं, त्याच वेळी अँटिव्हायरसनं स्कॅन सुरू केलं आणि क्लाउडवरून फोटो उतरायला लागले, की तिची राखीव जागा कधी रिकामी होतच नाही. लोक तेव्हा रॅम वाढवतात, विंडोज पुन्हा टाकतात, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तिथेच येतात.

आता चाचणी. डिस्क शक्यतो लॅपटॉपमध्येच बसवून तपासा. यूएसबी अडॅप्टरवर तपासली तर काही अडॅप्टर स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींची, माहिती पुढे पाठवत नाहीत आणि मोजलेला वेग अडॅप्टरचा निघतो. शिवाय विजेचा प्रश्न येतो. बारीक डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते, पण फिरायला सुरुवात करताना ती साधारण १ अँपिअर ओढते. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे अर्धा अँपिअर देतो, यूएसबी ३ चा ०.९. चांगली डिस्कही अशा वेळी टक-टक करून थांबते आणि माणूस तिला मेलेली समजतो.

जोडल्यावर सर्वांत आधी, काहीही लिहिण्यापूर्वी, स्मार्टच्या सगळ्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा. हा फोटो फार कामाचा आहे, कारण पुढे आपल्याला आकडा किती आहे यापेक्षा तो किती हलला हे बघायचं आहे. नव्या डिस्कचे चालू तास शून्य किंवा फार तर एक-दोन असावेत आणि सुरू-बंदची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तास शून्य दिसले म्हणून लगेच खूशही होऊ नका, ते आकडे पुसता येतात. तिथे डोळ्यांवर भरवसा ठेवा. साटा कनेक्टरचे सोनेरी पट्टे उजेडात तिरपे धरून बघा. नव्या डिस्कवर ते एकसंध चमकतात, वापरलेल्यावर प्रत्येक पट्टीच्या मधोमध बारीक उभी ओरखड्याची रेघ असते. स्क्रूच्या भोकांच्या कडाही बघा. रंग उडालेला किंवा आटे चकचकीत झालेले असतील तर ती डिस्क आधी कुठे तरी बसून आलेली आहे. लेबलवरची निर्मितीची तारीख बघा आणि सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी तपासा. लॅपटॉप कंपनीला पुरवलेल्या डिस्कवर थेट ग्राहकाला वॉरंटी बहुतेकदा मिळत नाही, आणि ते तिथे कळतं.

मग डिस्क भरा. विंडोजमध्ये साधा मार्ग म्हणजे क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करणं. व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहितो. त्याहून चांगलं म्हणजे एच२टेस्टडब्ल्यूसारखं साधन, ते डिस्क काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतं. लिनक्स वापरत असाल तर बॅडब्लॉक्सची लिहून-वाचून चाचणी आहे, पण ती चार वेगवेगळ्या नमुन्यांनी चार वेळा लिहिते आणि चार वेळा वाचते. एक टेराबाइटला एक फेरी सरासरी ९५ एमबीच्या वेगानं तीन तासांची धरली, तर हे सगळं पूर्ण दिवसभराचं काम होतं. घरच्या डिस्कला एक लिहिण्याची आणि एक वाचण्याची फेरी पुरेशी आहे. डिस्क नवी आणि रिकामी असतानाच हे करायचं, नंतर नाही, कारण यात जुनं सगळं पुसलं जातं.

भरण्याआधी घेतलेल्या वाचन चाचणीला एसएमआर डिस्कवर अर्थ का नाही, हेही सांगतो, कारण यावरून लोक हमखास फसतात. ट्रिम समजणाऱ्या डिस्कला कुठली जागा रिकामी आहे हे ठाऊक असतं. रिकाम्या जागेतून वाचायला सांगितलं की काही डिस्क प्लॅटरकडे न जाताच शून्यं परत पाठवतात. एचडी ट्यून या वेग मोजणाऱ्या साधनाच्या आलेखात मग वेगाची एक सपाट, अशक्य वाटावी इतकी उंच रेघ येते आणि लोक ती कौतुकानं दाखवतात. डिस्क भरून तीच चाचणी पुन्हा घ्या. खऱ्या डिस्कचा आलेख उताराचा असतो. बाहेरच्या ट्रॅकवर १३० च्या आसपास सुरुवात होते आणि आतल्या टोकाला ६०-६५ पर्यंत उतरते. आतला ट्रॅक लांबीला लहान, फिरण्याचा वेग मात्र तोच, म्हणून एका फेऱ्यात हेडखालून कमी डेटा जातो. हा उतार निरोगी आहे. त्यात एखाद-दुसरा लहानसा खड्डा आला तरी चालतो. पण चाचणी पुन्हा घेतल्यावरही त्याच ठिकाणी वेग कोसळत असेल तर तो भाग तसाच सोडू नका. व्हिक्टोरियासारख्या साधनानं तेवढाच भाग पुन्हा वाचा आणि प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागतो ते बघा. बहुतेक तुकडे काही मिलिसेकंदांत येतात. अर्धा सेकंद किंवा जास्त घेणारे तुकडे नव्या डिस्कवर असूच नयेत.

डिस्क भरली, वाचून झाली, की एसएमआरची परीक्षा. नुसतं एकामागून एक सलग लिहिलं तर एसएमआरही पूर्ण वेगानं लिहू शकते, कारण कौलं क्रमानं लावत जायला काही अडचण नसते. तिला पकडायचं तर क्रम मोडायला लागतो. भरलेल्या डिस्कवरच्या मधल्या-मधल्या काही फाइली काढा, साठ-सत्तर जीबी जागा होईल इतक्या. आता त्या जागेत हजारो लहान फाइलींचं एखादं फोल्डर कॉपी करा, आणि ते चालू असतानाच दुसरीकडून एक मोठी व्हिडिओ फाइल टाका. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा प्रतिसाद वेळ बघत राहा. सरळ डिस्क या माऱ्याखाली मंदावते, पण एका लयीत चालत राहते. एसएमआर आधी उत्साहानं पळते, मग काही जीबींनंतर प्रतिसाद वेळ शेकड्यांतून हजारांच्या मिलिसेकंदांत जातो, वेग शून्याला टेकतो, पुन्हा वर येतो, पुन्हा टेकतो. कॉपी संपल्यावर लगेच उठू नका. लॅपटॉपचा डिस्कचा दिवा विझलेला असतो, विंडोजच्या मते काम झालेलं असतं, तरी पामरेस्टवर बोट ठेवलं तर आत हेडची बारीक खरखर चालूच असते. राखीव जागेतला माल मूळ जागी लावणं तेव्हा चालू असतं. ही खरखर किती वेळ चालते ते घड्याळात बघा. तुमचं रोजचं काम या डिस्कला तेवढी उसंत देणार आहे का, याचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळतं.

आता लहान लहान तुकडे वाचण्याचा वेग. ५४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९० फेरे, एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद. हवा तो सेक्टर, म्हणजे ट्रॅकचा छोटा तुकडा, हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ५.६. हेड हव्या त्या ट्रॅकवर नेऊन ठेवायला आणखी १२-१३. मिळून १८ च्या आसपास. म्हणजे सेकंदाला पन्नास-पंचावन्न ठिकाणं, प्रत्येकी ४ केबी धरलं तर पाव एमबीही होत नाही. स्पीड टेस्ट याहून थोडा बरा आकडा दाखवते, कारण तिची एक जीबीची फाइल चिमूटभर जागेत असते आणि हेडला फारसं हलावंच लागत नाही. ७२०० आरपीएमवर अर्धा फेरा ४.२ मिलिसेकंदांत होतो. फरक आहे, पण हेडचा प्रवास तेवढाच राहतो, त्यामुळे लॅपटॉप उघडण्याच्या वेळेत जादू होत नाही. उष्णता आणि थरथर मात्र वाढते.

साटाच्या वेगाबद्दल फार काळजी करू नका. डिस्कवर ६ गिगाबिट लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला सुमारे ६०० एमबीचा रस्ता. फिरणारी डिस्क त्याच्या पावपटही वापरत नाही. लॅपटॉप जुना, ३ गिगाबिटचा असला तरी काही बिघडत नाही. एक टेराबाइट घेतली आणि विंडोज ९३१ जीबी दाखवतं ही तक्रारही तशीच. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं. काही चोरीला गेलेलं नाही.

भरून, वाचून, छळून झालं की स्मार्टचा दुसरा फोटो काढा आणि पहिल्याशेजारी ठेवा. पाच नंबरचा आकडा, म्हणजे बदली दिलेले सेक्टर, शून्य असला पाहिजे. सी५, म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर, शून्य. सी६, म्हणजे दुरुस्त न होणारे सेक्टर, शून्य. यांतला एकही आकडा पहिल्या भरणीतच वर सरकला, अगदी शून्याचा आठ झाला, तरी नवी डिस्क परत करा. 'अजून चालतेय ना' हा युक्तिवाद नव्या डिस्कला लावू नका. जुन्या डिस्कवर पाच-दहा बदली सेक्टर वर्षानुवर्षं स्थिर राहू शकतात. पण नव्या डिस्कमध्ये पहिल्याच दिवशी ते दिसले, तर पृष्ठभाग कमकुवत आहे किंवा वाटेत धक्का बसला आहे.

सी७ वाढला तर मात्र डिस्कला दोष देऊ नका. तो डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या वायरीवरच्या चुकांचा आकडा आहे. पातळ लॅपटॉपमध्ये डिस्क बहुधा एका चपट्या रिबनवर लटकते. ती रिबन दुमडली गेली, तिचं लॉक नीट बसलं नाही किंवा टोकावर मळ असला, की डिस्क मधूनच नाहीशी होते, विंडोज अडखळतं. रिबन काढून, टोकं पुसून, नीट बसवा. आकडा शून्यावर येणार नाही, पण वाढायचा थांबला की झालं. सीगेटवाल्यांसाठी आणखी एक: ०१ आणि ०७ या ओळींतले कच्चे आकडे कोट्यवधींत दिसतात. त्यात एकूण किती वेळा वाचलं आणि किती चुका झाल्या हे दोन्ही एकत्र गुंडाळलेलं असतं. ते बघून घाबरून डिस्क परत करणारे मी खूप बघितले आहेत.

सी१ कडे लक्ष ठेवा, ही लॅपटॉपच्या डिस्कची खास ओळ आहे. काम नसताना डिस्क हेड उचलून बाजूच्या उतरणीवर ठेवते, म्हणजे लॅपटॉप आपटला तर हेड प्लॅटरवर पडत नाही. प्रत्येक वेळी हा आकडा एकानं वाढतो आणि हलकीशी 'टिक' ऐकू येते. ही टिक नैसर्गिक आहे. बिघाडाची टक-टक वेगळी असते: ठराविक लयीत, पुन्हा पुन्हा, आणि तेव्हा डिस्क प्रतिसाद देत नाही. बऱ्याच लॅपटॉप डिस्क अशा ६ लाख उचल-ठेवींसाठी बनवलेल्या असतात. तासाला ६० वेळा होत असेल आणि लॅपटॉप रोज आठ तास चालत असेल, तर दिवसाचे ४८० आणि ६ लाखांना १२५० दिवस, म्हणजे साडेतीन वर्षांच्या आत मर्यादा. तासाला पाच-दहा असेल तर विचारही करू नका. जास्त असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोतून किंवा लिनक्सवर एचडीपार्मनं एपीएमची, म्हणजे डिस्कच्या वीजबचतीच्या सेटिंगची, पातळी वाढवता येते. लोक सरळ २५४ वर नेऊन हेड उचलणंच बंद करतात. टेबलावर बसून राहणाऱ्या लॅपटॉपला ते चालेल. पिशवीतून, मांडीवरून फिरणाऱ्या लॅपटॉपला नाही. तिथे मी १९२ वर ठेवून दिवसभर बघतो आणि तेवढ्यावर भागतं का ते पाहतो. झिजून मरणाऱ्या डिस्कपेक्षा आपटून मरणाऱ्या डिस्क माझ्याकडे जास्त येतात.

धक्क्याचे आकडे माहितीपत्रकात दिलेले असतात, चालू असताना साधारण ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) आणि बंद असताना १००० जी, दोन्ही एक-दोन मिलिसेकंदांसाठी. हे आकडे ऐकून धीट होऊ नका. लॅपटॉप चालू ठेवूनच टेबलावर जोरात टेकवला तरी कडक पृष्ठभागावर तो क्षणिक धक्का मोठा असतो. स्लीपमध्ये गेल्याची खात्री करून मगच पिशवीत टाका.

बसवताना दोन गोष्टी खूप नुकसान करतात. बारीक डिस्कचं वरचं झाकण म्हणजे एक पातळ पत्रा असतो, त्याच्याखाली काही अंतरावरच प्लॅटर फिरत असतो. ९.५ च्या जागेत ७ ची डिस्क हलते म्हणून लोक वरून फोम किंवा पुठ्ठा दाबून बसवतात आणि झाकणाचे स्क्रू आवळतात. दाब थेट त्या पत्र्यावर येतो. फिरण्याचा आवाज बदलला, किंचित किणकिण आली, तर लगेच बंद करून तो फोम काढा. यासाठी अडीच मिलिमीटरची प्लॅस्टिकची चौकट मिळते, ती डिस्कच्या कडेवर बसते, पत्र्यावर नाही. तीच वापरा. उलट बाजूनं, ७ च्या जागेत ९.५ ची डिस्क कधीच रेटू नका. दुसरी गोष्ट स्क्रू. जुन्या डिस्कचेच स्क्रू वापरा. तिथे सापडेल तो लांब स्क्रू फिरवला की तो आतल्या बोर्डाला किंवा बैठकीला जाऊन टेकतो, आणि डिस्क तिथेच संपते. झाकणावर एका बारीक भोकाशेजारी ते झाकू नका अशी सूचना असते. डिस्कच्या आतल्या हवेचा दाब बाहेरच्याशी तिथून सारखा होतो. त्यावर स्टिकर किंवा चिकटपट्टी लावू नका.

तापमानासाठी भरण्याच्या चाचणीचा शेवटचा तास बघा, कारण डिस्क सर्वांत जास्त तापते ती तेव्हा. माहितीपत्रकात ६० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. बंद झाकणात, सलग लिहिताना ५० च्या खाली राहिली तर मी समाधानी असतो. ५५ ओलांडत असेल तर डिस्कचा दोष कमी आणि पंख्यातल्या धुळीचा जास्त असतो.

आणि ज्याचं उत्तर तुम्ही विचारलं नाहीत पण द्यायलाच हवं असं एक. या लॅपटॉपमध्ये एकच जागा असेल आणि विंडोज याच डिस्कवरून चालवायचं असेल, तर ही डिस्क चाचण्यांत उत्तम उतरली तरी मी ती तिथे बसवणार नाही. साटाची अडीच इंची एसएसडीही (फिरणारा भाग नसलेली डिस्क) ७ मिलिमीटरचीच असते, त्याच जागेत, त्याच स्क्रूंवर बसते. सेकंदाला पन्नास ठिकाणं आणि हजारो ठिकाणं, हा फरक कुठलंही ट्यूनिंग भरून काढत नाही. मधल्या काळात आलेल्या हायब्रिड डिस्क, म्हणजे फिरणाऱ्या डिस्कला ८ जीबीची फ्लॅश जोडलेल्या, तेही पूर्ण करू शकल्या नाहीत. लॅपटॉपला एम.२ चा, म्हणजे पट्टीसारखी छोटी एसएसडी बसणारा, स्लॉट असेल तर विंडोज त्यावर आणि ही एक टेराबाइटची डिस्क साठवणीला, हे जोडकाम उत्तम. तसं असेल तर ही डिस्क ठेवा. एसएमआर असली तरी ठेवा, फक्त ती काठोकाठ भरू नका आणि टोरेंट, व्हर्च्युअल मशीन, मेलचा डेटाबेस असलं सतत लिहिणारं काही तिच्यावर ठेवू नका.

तुमच्या जुन्या डिस्कचं मात्र वेगळं. तुम्ही म्हणता ती अडखळते, म्हणजे बहुधा तिचा सी५ शून्य नसणार. वरच्या चाचण्यांपैकी एकही तिच्यावर करू नका, पूर्ण वाचन चाचणीसुद्धा नाही. घरगुती डिस्क न वाचता येणाऱ्या एकेका सेक्टरवर कित्येक सेकंद झटत राहते, आणि त्या झटण्यातच उरलेलं हेड जातं. आधी तिच्यातलं महत्त्वाचं, ज्याची दुसरी प्रत नाही तेवढंच, हातानं कॉपी करून घ्या. विंडोज एखाद्या फाइलवर अडकलं तर ती सोडून पुढे जा. मग उरलेल्यासाठी लिनक्सची पेन ड्राइव्ह लावून जीएनयू डीडीरेस्क्यू या साधनानं पूर्ण प्रत काढा. ते आधी सोपा भाग उचलतं, खराब भाग शेवटी ठेवतं, आणि कुठवर आलं याची नोंद फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्ये थांबवून डिस्क थंड होऊ देता येते. प्रत उतरवायला ही नवी डिस्क वापरणार असाल तर तिची भरण्याची चाचणी जुनीला हात लावण्याआधी संपवा, आणि तोवर जुनी डिस्क लॅपटॉपमधून काढून बाजूला ठेवा.